म्हाताऱ्याच्या तब्येतीची बातमी

१२ जानेवारी

मी आजवर दैनंदिनी लिहिली नाही. घडलं ते दुसऱ्या दिवशी छापून यायचं, आणि छापून आलं नाही ते घडलंच नाही असं मानायची आमच्या धंद्यात सवय असते. पण काल साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमच्या वर्तमानपत्राचे संपादक. उन्हाळ्यानंतर इथली कचेरी बंद करायचं ठरलंय. कचेरी म्हणजे मी, हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एक टेबल आणि दिवसभर चालू असणारा टीव्ही. "परदेशात माणूस ठेवणं आता परवडत नाही हो," असं म्हणाले, आणि वर "तुमच्यासारखी माणसं राहिलीत कुठे" असंही म्हणाले. दोन्ही वाक्यांत एका श्वासाचंही अंतर नव्हतं. फोन ठेवल्यावर बोलायला कोणी नव्हतं, म्हणून वही काढली.

आता हातात असलेल्या महिन्यांत दोन गोष्टी व्हायला हव्यात. माझं पुस्तक पुरं व्हायला हवं आणि म्हातारा मरायला हवा. म्हातारा म्हणजे या देशाचा प्रमुख. आम्ही बाहेरचे वार्ताहर त्याला आपसात असंच म्हणतो. पुस्तक त्याच्यावरच आहे, आणि तो जिवंत असेपर्यंत त्याला शेवटचं प्रकरण नाही. तो आजारी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण इथे कोणी तसं बोलत नाही. माझ्या आधीच्या वार्ताहराने त्याचा मृत्युलेख तयार करून फाइलला लावून ठेवला होता. पुढे त्या वार्ताहराचाच मृत्युलेख मला लिहावा लागला.

नवऱ्याला संध्याकाळी फोन केला. तो नकाशे काढतो, हाताने, शाईने. सरकारी नोकरीत जन्म नकाशांतच गेला, आणि माझ्या आधीच्या दोन्ही पुस्तकांतले नकाशे त्याचेच. कचेरी बंद होतेय म्हटल्यावर म्हणाला, "म्हणजे तू घरी येणार! मग वाईट काय आहे त्यात?" मी म्हटलं, तुला काय कळणार. हसला. या पुस्तकाचे नकाशे विचारले तर म्हणाला, "सहा नकाशे ना? झालेच समज."

१९ जानेवारी

घरी फोन. वरच्या मजल्यावरच्यांची मोरी गळते आणि आमच्या छताला ओल आली आहे, ही कहाणी नवऱ्याने साग्रसंगीत सांगितली. गेल्या आठवड्यात सांगितली होती तशीच, त्याच जागी हसून. मी हूं हूं करत खिडकीतून समोरच्या सरकारी टीव्हीच्या इमारतीकडे बघत होते. संसारात एवढं ऐकून घ्यावंच लागतं, शिवाय आमच्या संसारात तेवढंच असतं. वर्षातून दोनदा मी जायचे, गेल्या वर्षी एकदाच गेले, तेही पळत.

मग आक्कांनी फोन घेतला. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, दोन गल्ल्या सोडून राहते. "अगं, काल हा दोन पायांत दोन वेगळे जोडे घालून फिरायला गेला होता." मी म्हटलं, आक्का, तो लग्नातही तसाच आला असता, तुम्ही होतात म्हणून वाचलो. त्या हसल्या नाहीत. आक्कांना राईचा पर्वत करायची जुनी सवय आहे. हल्ली रोज आमच्याकडे असतात असं दिसतं. सुनेशी बिनसलं असणार.

२ फेब्रुवारी

आज लष्कराची मानवंदना होती, म्हणजे म्हातारा टीव्हीवर. सकाळपासून आमच्याकडे जत्रा. जत्रा म्हणजे मी आणि दाढी. दाढी एका वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार आहे. आमच्याच भाषेचा माणूस, म्हणून परक्या गावात आपला वाटतो. त्याच्या घरचा टीव्ही बिघडलाय आणि माझ्याकडे कॉफी असते, एवढं नातं पुष्कळ झालं.

आमचं बघणं वेगळं असतं. लोक म्हाताऱ्याकडे बघतात, आम्ही त्याच्या बाजूच्यांकडे. कोपराला कोणाचा हात आहे, भाषणाचे कागद किती जाड आहेत, म्हणजे अक्षरं किती मोठी केली आहेत. कॅमेरा कुठल्या क्षणी त्याच्यावरून उठून झेंड्यावर जातो. आज तो संरक्षणमंत्र्याशी हात मिळवून पुढे गेला, वळला, आणि पहिल्यांदाच भेटल्यासारखा पुन्हा त्याच्याशीच हात मिळवायला आला. मंत्री बिचारा तेवढ्याच आनंदाने हसला. कॅमेरा झेंड्यावर.

"बघितलंस?" मी ओरडलेच.

"मी फक्त कपडे बघतो," दाढी म्हणाला. "कोटाचं बटण दुसऱ्या कोणीतरी लावलंय. स्वतः लावणारा माणूस गळ्याजवळचं शेवटी लावतो, हे आधी लावलंय."

त्याला काय दिसेल सांगता येत नाही. दोघांनी मिळून ती चित्रफीत इतक्यांदा बघितली की कॉफी संपली.

९ फेब्रुवारी

नकाशे आले, सहापैकी चार. नवऱ्याचा हात अजून तसाच आहे. डोंगराच्या त्या बारीक रेघा बघून मी नेहमीसारखी विरघळले. मग पहिल्या नकाशात नदी राजधानीच्या पूर्वेला दिसली. ती पश्चिमेला आहे. माझ्या खिडकीतून दिसते.

फोन केला तर मोठ्याने हसला. "मुद्दाम ठेवली होती चूक. म्हटलं, बघू या बाईसाहेब नीट बघतात की नाही." मीही हसले. इतक्या वर्षांनंतरही हा माणूस माझी परीक्षा घेतो, म्हणून बरंही वाटलं. आवाज खणखणीत होता.

२० फेब्रुवारी

फार लाज वाटली आज. प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला. माझ्या पुस्तकाचं काम त्यांच्याकडे आहे, आणि बोलायला अगदी गोड आहेत. त्या गोडीनेच म्हणाल्या, दुसरा नकाशा आणि चौथा नकाशा एकच आहे, फक्त वरचं नाव वेगळं आहे, हे मुद्दाम आहे का? मी म्हटलं चुकून झालं असेल. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी इथे डोळ्यांत तेल घालून एकेक स्वल्पविराम तपासतेय, आणि घरच्याच माणसाने तोंडघशी पाडावं?

नवऱ्याला वाट्टेल तसं बोलले. "तुझं लक्ष कुठे असतं? दिवसभर घरी बसून एवढं एक काम होत नाही तुला?" तो काहीच बोलला नाही. नेहमी तो उलट बोलतो. मी दम खायला थांबले तर हळूच म्हणाला, "तू जेवलीस का गं?" मी फोन ठेवून दिला. नंतर वाईट वाटलं. उद्या गोड बोलेन.

३ मार्च

आजचा दिवस माझा. लेख पहिल्या पानावर, सहा स्तंभ, नावासकट. म्हातारा आजारी आहे हे सगळेच कुजबुजत होते, पण त्याला नक्की काय होतंय ते पहिल्यांदा मी लिहिलं: तो विसरतोय. दोन वर्षांची भाषणं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की तीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगतो, हसतोही त्याच जागी. अडचणीचा प्रश्न आला की विनोद करून वेळ मारून नेतो. अंगवळणी पडलेलं काम झोकात करतो आणि नवीन काही आलं की घोटाळतो. सावलीसारखी मागे हिंडणारी त्याची मुलगी सारखी त्याच्या वतीने बोलते. डॉक्टरांना विचारून एकेक खूण पक्की केली. साहेब म्हणाले, "घरात बसून तुम्ही त्याच्या डोक्यात शिरलात की!" दुपारपासून तीन देशांच्या रेडिओवाल्यांनी मुलाखत घेतली. दाढी मात्र चिडलाय, कोटाच्या बटणाचं श्रेय त्याला दिलं नाही म्हणून.

नवऱ्याचा फोन आला. पहिला परिच्छेद त्याने मला मोठ्याने वाचून दाखवला, इतक्या कौतुकाने की मलाच ऐकत राहावंसं वाटलं. तासाभराने पुन्हा फोन. "अगं, तुझा लेख आलाय पहिल्या पानावर!" आणि पुन्हा तोच परिच्छेद, त्याच कौतुकाने. मी अडवलं नाही. जगात कोणाला तरी माझा एवढा अभिमान वाटतो, तर वाटू दे की.

आक्कांचा निरोप येऊन पडलाय. "लेख वाचला. मला तुझ्याशी बोलायचंय. तो जवळ नसताना." आज शक्य नाही, चौथा रेडिओ वाट बघतोय.

६ मार्च

लेखाची पावती मिळाली. परराष्ट्र खात्यात बोलावून एका सभ्य अधिकाऱ्याने चहा पाजला आणि सांगितलं की माझा व्हिसा काढून घेत नाहीत, पण तो पुढे वाढवणारही नाहीत, आणि मी एकदा सीमेबाहेर पाऊल टाकलं की परत यायची तसदी घेऊ नये. म्हणजे आहे तोवर आहे. बाहेर गेले की संपलं. म्हातारा माझ्या माघारी मेला तर शेवटचं प्रकरण दुसऱ्या कोणाच्या तरी बातम्या वाचून लिहावं लागेल, आणि तसं पुस्तक कोण कशाला घेईल?

साहेबांना कळवलं. "मग हलूच नका तिथून," ते म्हणाले. माझा तरी कुठे विचार होता.

८ मार्च

आक्कांशी बोलले. म्हणाल्या, "अगं, परवा हा कोपऱ्यावरच्या बाजारात गेला आणि परतीचा रस्ता सापडेना त्याला. दुकानदाराने घरी आणून सोडलं."

मी हसलेच. "आक्का, अख्ख्या देशाचे रस्ते ज्याने कागदावर उतरवले तो कोपऱ्यावरून घरी यायला चुकेल? डोक्यात काहीतरी चालू असेल त्याच्या."

"डोक्यात काही चालू नाहीये गं. तेच तर सांगतेय."

मग म्हणाल्या, "तू एकदा येऊन जा. आता ये. नंतर आलीस तर..." आणि थांबल्या. मी व्हिसाची सगळी भानगड समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. "बरं बाई," म्हणाल्या, "तुझं काम मोठं आहे." हे त्या टोमणा म्हणून म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. पण तसं नव्हतं. दमल्यासारख्या वाटल्या.

लगेच नवऱ्याला फोन केला. बाजारात काय झालं? "आक्काला काय, उद्योग नाही दुसरा," तो म्हणाला, आणि दुकानदाराची अशी हुबेहूब नक्कल केली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं हसून. जिवात जीव आला. माणसाच्या आवाजावरून खरंखोटं ओळखणं हा माझा धंदा आहे, आणि हा आवाज धडधाकट माणसाचा होता.

२७ मार्च

पाचवा नकाशा आला. या देशाचा नाहीच. एक ओढा, ओढ्यावर फळकुटांचा पूल, पलीकडे शाळा, शाळेमागे टेकडी, आणि टेकडीवरून जाणारी पायवाट मध्येच थांबलेली. तिथे बारीक अक्षरात लिहिलंय, "इथून पुढे आठवून काढणे." त्याचं लहानपणीचं गाव असणार. वर शीर्षक मात्र बरोबर आहे: "उत्तर सीमेवरील खाणी."

मी दाढीला दाखवला, म्हटलं, बघ माझ्या नवऱ्याच्या थट्टा. दाढी बराच वेळ बघत राहिला. त्याची ती बटणं शोधणारी नजर मला ठाऊक आहे.

"घरी जा तू," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे काय? जा."

मला खरं तर रागच आला. मी गेले की म्हाताऱ्याचं मरण एकट्या त्याच्या पदरात. ही छायाचित्रकार मंडळी महा आतल्या गाठीची. कॉफी पिऊन जाताना त्याने नकाशाचा कागद, कुठे दुमडू नये म्हणून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून ठेवला. मी त्याला थँक्यू म्हटलं नाही.

१४ एप्रिल

प्रकाशनाच्या बाईंनी ठरवलं की नकाशे संगणकावर करून घ्यायचे. मी हो म्हटलं. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगायला म्हणून फोन केला होता, पण तोच आधी म्हणाला, "सहा नकाशे ना? झालेच समज."

पाल चुकचुकली. असं म्हणतात खरं, पण मी उठून टीव्हीचा आवाज बंद केला. हेच वाक्य, याच सुरात. मी वहीची मागची पानं काढून बघितली नाहीत, बघायची गरज नव्हती.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंस?"

"तू असतीस तर जे केलं असतंस ते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तू केलं असतंस तेवढं चांगलं नव्हतं," आणि हसला.

"बरं, आज वार कुठला?"

"निवृत्त माणसाला सगळे रविवारच."

किती छान बोलतो. मी रोज दुपारी सरकारी प्रवक्त्याला प्रश्न विचारते, तोही असंच बोलतो. एकाही प्रश्नाचं उत्तर आलेलं नसतं आणि सभागृह मात्र हसत असतं. माझ्या लेखाचा पहिला परिच्छेद यावरच आहे. मीच लिहिलेला. नवऱ्याने मला दोनदा वाचून दाखवलेला.

१५ एप्रिल

आक्कांना फोन केला. म्हटलं, आक्का, कधीपासून? त्या म्हणाल्या, "दोन वर्षं तरी झाली असतील. तू आलीस की तो सावरून असायचा गं. तू येणार म्हणून महिनाभर आधीपासून तयारी करायचा, काय बोलायचं ते लिहून पाठ करायचा. मला शपथ घातली होती, तिला सांगायचं नाही म्हणून. तिचं काम अडेल म्हणायचा."

मी परवाचं विमान धरते म्हणून सांगितलं. आक्का रडल्या. व्हिसा गेला खड्ड्यात, पुस्तकही गेलं खड्ड्यात.

१६ एप्रिल

म्हाताऱ्याला इस्पितळात हलवलं. पहाटे गाड्यांचा ताफा गेला, इस्पितळाचा रस्ता बंद, सगळ्या वाहिन्यांवर गंभीर संगीत. दाढीने बातमी पक्की केली. साहेबांचे फोनवर फोन. "आता हलायचं नाही. दोन दिवस, फार तर चार. जन्मभर ज्याच्यासाठी थांबलात ते झालं की जा आरामात." मृत्युलेख पानात लावून तयार आहे, फक्त तारीख घालायची.

चार दिवसांनी काय फरक पडणार आहे? दोन वर्षं थांबलाय तो. चार दिवस थांबेल.

तिकीट पुढे ढकललं.

२४ एप्रिल

अजून नाही.

२ मे

अजून नाही. संगीत चालू. मी खुर्चीतच झोपते, टीव्ही बंद करायची हिंमत होत नाही. एका माणसाने लवकर मरावं, म्हणजे मला माझ्या माणसाकडे जाता येईल, असं मी दिवसभर मनात घोकत असते, आणि हे कुठल्या तोंडाने कोणाला सांगायचं? दाढीला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मी तुला त्या दिवशीच जा म्हटलं होतं." माझी समजूत घालायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

११ मे

आता नवरा फोनवर येत नाही. आक्का म्हणतात, घाबरतो, या डबीत कोण बोलतंय म्हणून विचारतो. आज त्यांनी बळेच त्याच्या कानाला लावला. मी म्हटलं, "अरे, मी बोलतेय." तिकडे नुसता श्वास. मग लांबून त्याचा आवाज, आक्कांना विचारत होता, "कोण आहे?"

"तुझी बायको आहे रे."

"ती तिकडे असते," तो म्हणाला. अगदी स्पष्ट, अभिमानाने. आणि चपला ओढत लांब गेला.

मी तिकीट काढायला संगणक उघडला. तेवढ्यात खिडकीतून लांबवर दिसणाऱ्या इस्पितळावरचा झेंडा अर्ध्यावर आणल्याची अफवा आली. मी खिडकीकडे धावले. धावले, हे मी लिहून ठेवतेय. झेंडा पुरता वर होता, फक्त वारा नव्हता.

२३ मे

म्हातारा टीव्हीवर आला. बागेत, ऊन अंगावर घेत, स्वतःच्या पायांनी चालत. कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. एका लहान मुलीला तिचं नाव विचारलं, आणि पुढे पाच मिनिटं बोलल्यावर निरोप घेताना तिला नावाने हाक मारली. निवेदक हसत हसत म्हणाला की काही परदेशी बाईंची स्मरणशक्ती मात्र तपासून घ्यायला हवी. माझा लेख पडद्यावर दाखवला, माझ्या नावाभोवती लाल वर्तुळ काढून.

दाढी म्हणतो ती चित्रफीत जुनी आहे, मागची झाडं बघ, या महिन्यात एवढी पानं नसतात. असेल. सिद्ध कसं करणार? साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "झाडांवर बातमी छापू का आता?" उद्या पान दोनवर खुलासा येतोय. खुलासा म्हणजे माफी, फक्त लहान अक्षरांत. प्रकाशनाच्या बाईंनी कळवलंय की सध्याच्या परिस्थितीत पुस्तक थोडं थांबवू या. त्या अजूनही तेवढ्याच गोड बोलल्या.

तेव्हा म्हातारा आहे, पुस्तक नाही, कचेरी नाही. रडूही येत नाही. ज्याच्यासाठी थांबले त्याने मला चांगलंच ओळखलं म्हणायचं, नावासकट.

२६ मे

सामान फारसं नव्हतंच. टीव्ही दाढीला दिला. विमानतळावर तो सभ्य अधिकारी स्वतः आला होता. शिक्का मारला आणि प्रवास सुखाचा होवो म्हणाला, मनापासून म्हणाला असं वाटलं. दाढी काचेपलीकडे उभा राहून कॅमेरा गळ्यात असूनही फोटो न काढता हात हलवत होता.

२७ मे

हे आक्कांच्या घरी बसून लिहितेय.

सकाळी आमच्या घरी पोचले. आक्कांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाल्या. तो खिडकीजवळ त्याच्या उतरत्या टेबलाशी बसला होता. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, बटणं नीट लावलेली. आक्कांनी लावलेली. माझी चाहूल लागली तसा वळला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी हातातली बॅग टाकून पुढे झाले. वाटलं, आहे. अजून आहे. वेळेत आले मी.

तो उठून उभा राहिला. हात जोडले.

"या या, बाई. बसा ना. तुम्हाला ओळखलं मी. तुमचा फोटो बघितलाय पुस्तकाच्या मागे. तुम्ही त्या परदेशातल्या वार्ताहर."

मी बसले. दुसरं काय करणार होते?

आक्कांना म्हणाला, "अगं, चहा टाक बाईंना, लांबून आल्यात." मग खुर्ची जवळ ओढून, फार दिवसांनी बोलायला माणूस मिळाल्यासारखा विचारायला लागला. तिकडचा म्हातारा कसा आहे हो? खरंच आजारी आहे का? मी सांगत गेले. इस्पितळ, संगीत, बाग, झाडांची पानं. तो मध्ये मध्ये मान हलवत होता, नेमक्या जागी प्रश्न विचारत होता. इतकी वर्षं प्रत्येक सुट्टीत मी याच खुर्चीवर बसून हेच सांगायचे, आणि तो असाच ऐकायचा. मला "तू" म्हणून ऐकायचा, एवढाच फरक. मी त्याच्या हातावर हात ठेवला तसा त्याने संकोचून तो हळूच काढून घेतला, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसला.

चहा झाल्यावर जरा पुढे वाकून, आक्कांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "बाई, एक काम होतं तुमच्याकडे. माझी बायको तिकडेच असते. तुमच्याच धंद्यात आहे. फार हुशार आहे हो. तुमची भेट होत असेल कधी."

"होते," मी म्हटलं.

"मग एवढा निरोप द्या तिला. म्हणावं, घाई करून येऊ नकोस. काम पुरं करूनच ये. मी बरा आहे."

मी हो म्हटलं. त्याला खात्री वाटेना. "नक्की सांगाल ना? ती लगेच काळजी करते. उगाच सगळं टाकून यायची."

"नक्की सांगते."

मग तो मला सोडायला दारापर्यंत आला. जिन्यावर जपून उतरा म्हणाला, दुसरी पायरी उंच आहे. आणि माझ्यामागे दार लावून घेतलं, आतून कडी घातली. मी पायरीवर बसून राहिले, आक्का मागच्या दाराने येऊन मला इकडे घेऊन येईपर्यंत.

दुपारी आक्कांच्या सुनेला त्याच्याजवळ बसवून डॉक्टरांकडे जाऊन आलो आम्ही दोघी. यात सुधारणा नसते, एवढंच ते सांगू शकले, आणि ते मला आधीच ठाऊक होतं. लेखासाठी विचारलं होतं मी.

उद्या सकाळी पुन्हा जायचंय. आक्का म्हणाल्या, आधी बेल वाजव आणि थांब. तुझ्याजवळच्या किल्लीने उघडू नकोस, परकी बाई घरात शिरली म्हणून घाबरतो तो.